पिवळा दिवा लागल्यावर

नाशिक ते पेठ हे अंतर 55 किलोमीटरांच्या आसपास. ऐकायला तासा-दीड तासाचा रस्ता, पण त्यात सावळघाट आहे, कोटंबीचा घाट आहे, आणि पावसाळ्यात तिथे धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा शोधावा लागतो. अशा चढणीला डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गाडीत नाशिकच्या सिव्हिलला न्यायचा पेशंट असेल, नाहीतर बाजारात पोचवायचा माल. मोबाइलला रेंज असेलच असं नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हटलं की नाशिकच गाठायचं. गाडी पुढे न्यावी, मागे फिरवावी, की आहे तिथेच बाजूला लावावी, हे त्या माणसाला एकट्याने आणि लगेच ठरवायचं असतं.

ही पुस्तिका त्या माणसासाठी लिहिली आहे. शहरात घराजवळ चार गॅरेजं असतात, तिथे दिव्यामागचा कोड घरी वाचणं ही सोय झाली. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात ती गरज आहे. इथल्या अंगणांतून उभ्या असलेल्या गाड्यांत दहा-पंधरा वर्षं चाललेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाड्या पुष्कळ. नाशिकला एक फेरी म्हणजे डिझेल, मजुरीचा बुडालेला दिवस आणि वर गॅरेजचं बिल. त्या फेरीआधी गाडीला काय झालंय याचा अंदाज मालकाला असावा, एवढंच या पुस्तिकेचं मागणं आहे.

हा दिवा आला कुठून, ते आधी सांगतो, कारण त्यावरून त्याचा स्वभाव कळतो. त्याचा जन्म गाडीमालकाच्या सोयीसाठी झाला नाही, धुरासाठी झाला. कॅलिफोर्नियात हवेचं प्रदूषण हाताबाहेर गेलं होतं. तिथल्या हवा मंडळाच्या लक्षात आलं, की धूर कमी ठेवणारा एखादा भाग बिघडला तरी गाडी पहिल्यासारखीच पळते आणि मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून 1988 च्या मॉडेलांपासून इंजिनाच्या संगणकाने स्वतःवर नजर ठेवावी आणि चुकलं तर दिवा लावावा, असा नियम तिथे आला. 1996 पासून साऱ्या अमेरिकेत एकच सॉकेट आणि एकच कोडपद्धत सक्तीची झाली. तीच ओबीडी-2. आपल्याकडे भारत स्टेज 4 या धुराच्या नियमांबरोबर एप्रिल 2010 मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल 2013 मध्ये दुसरा.

म्हणून हा दिवा इंजिनाच्या हवा, इंधन, ठिणगी आणि धूर एवढ्या कारभारावर बोलतो. ब्रेक, क्लच, चाकाचा बेअरिंग यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही. तेलाच्या कॅनचा लाल दिवा आणि तापमानाचा लाल दिवा हे वेगळे, आणि ते लागले तर वाचत बसायचं नसतं, इंजिन बंद करायचं असतं. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नीट ओढत असेल, गरम होत नसेल, तर बहुतेक वेळा बेताने घर गाठता येतं. तो लुकलुकायला लागला तर मात्र गोष्ट वेगळी. पेट्रोल गाडीत लुकलुकणं म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि तो भाग लालभडक तापतोय. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागा पाहून थांबावं. वाळलेल्या गवतावर तर मुळीच थांबू नये.

आता जुनी गाडी कोड वाचणाऱ्या स्कॅनरशी मुळात बोलते का, हा प्रश्न. इथे वर्षाचा हिशोब थोडा किचकट आहे, आणि नेमका तोच इथल्या गाड्यांना लागू पडतो. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज 4 लागू झालं ते फक्त 13 शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती, नाशिक नव्हतं. देशभर ते सक्तीचं झालं 1 एप्रिल 2017 ला. म्हणजे 2012 ची एकाच मॉडेलची दोन वाहनं घेतली, एक पुण्याचं एमएच 12 आणि दुसरं नाशिकचं एमएच 15, तर पहिलं स्टेज 4 चं आणि दुसरं स्टेज 3 चं असू शकतं. बाहेरून फरक दिसणार नाही, पण एक स्कॅनरशी सरळ बोलेल आणि दुसरं कदाचित बोलणार नाही. म्हणून गाडीच्या वयावर जाऊ नका. कागदपत्रांवर किंवा सरकारी परिवहन ॲपवर गाडी कोणत्या स्टेजची आहे ते पाहा. 2013 नंतरच्या स्टेज 4 गाडीवर स्वस्तातला स्कॅनरही चालतो. त्याआधीच्या काही गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, पण भाषा कंपनीची स्वतःची असते. दोन हजार सालाच्या आगेमागे आलेल्या सुरुवातीच्या काही एमपीएफआय गाड्यांत स्कॅनरची गरजच नव्हती. डायग्नोसिसच्या कपलरमधल्या ठरावीक दोन टोकांना वायर जोडली की दिवाच लुकलुकून आकडा सांगायचा. सुझुकीच्या पद्धतीत एक लुकलुक, विश्रांती, मग दोन लुकलुकी म्हणजे 12, आणि 12 म्हणजे काही बिघाड नाही. कोणती दोन टोकं, हे मात्र त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय करू नये. चुकीच्या टोकाला वायर लागली तर फ्यूजवर भागलं तर नशीब.

आणि जुन्या डीआय इंजिनाच्या जीपा, पिकअप, ज्यांचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक आहे, त्यांत संगणकच नाही, त्यामुळे कोडही नाहीत. तिथे आजही कान, नाक आणि पाना. त्या गाड्यांच्या मालकांनी ही पुस्तिका खुशाल बाजूला ठेवावी.

स्कॅनरचं मी थोडक्यात उरकतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा काडेपेटीएवढा डोंगल पुरतो. त्यातली मूळ ईएलएम 327 ही चिप कॅनडातल्या एका लहान कंपनीची. आज बाजारात मिळतात त्या बहुतेक तिच्या नकला. नक्कल म्हणून टाकून देऊ नका, पण एका गाडीवर चालत नाही म्हणून गाडीला दोष देण्याआधी दुसऱ्या गाडीवर लावून पाहा. सॉकेट स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर सापडतं. त्याच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही चालू असतो, म्हणून डोंगल रात्रभर लावून ठेवू नये. आठ-पंधरा दिवस न हललेल्या गाडीची बॅटरी अशाने उतरते.

बॅटरीचं मुद्दाम सांगतो, कारण निम्मी भुतं तिथेच राहतात. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते 14 च्या जवळ नेतो. बॅटरी मेलेली असताना धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू केलेल्या गाडीत एकाच वेळी चार-पाच कोड येतात, एकमेकांशी काही संबंध नसलेले. त्यांच्यामागे पळू नका. बॅटरीची टोकं साफ करा, इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी पाहा, मग उरतील तेवढ्यांचाच विचार करा.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर भाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअर, सी चेसिस, बी बॉडी, यू गाडीतल्या संगणकांची आपापसातली बोलणी. नंतरचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, एक म्हणजे कंपनीचा स्वतःचा. तिसरी जागा कारभार सांगते: 1 आणि 2 हवा-इंधन, 3 ठिणगी, 4 धूर आवरणारी यंत्रणा. एवढं आलं की पी 0301 दिसताच पहिल्या सिलिंडरचं मिसिंग हे पाठांतराशिवाय कळतं.

आता मुद्द्यावर येतो. कोड मिळाला की लोक त्याचं नाव शोधतात, नावात जो सेन्सर दिसतो तो मागवतात, बसवतात, आणि दिवा तिसऱ्या दिवशी परत लागतो. मग गाडी पनवती ठरते. हा खर्च ज्या घराला परवडत नाही त्याच घरात तो होताना मी पाहिला आहे, आणि त्याची चीड येते म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. कोड कधीही भाग बदला म्हणत नाही. अमुक सर्किटमधून येणारा आकडा मला पटत नाही, एवढंच तो म्हणतो. सर्किटमध्ये सेन्सर असतो, कपलर असतो, दोन-तीन हात लांब वायर असते, अर्थिंग असतं, आणि शेवटी संगणक. नुसता सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एक उदाहरण जवळून पाहू. बारा-तेरा वर्षांची एक पेट्रोल गाडी. तक्रार अशी: चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा लगेच सुरू, ॲव्हरेज पडलेलं, सायलेन्सरला काळी काजळी, पिवळा दिवा. कोड पी 0118, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सर्किटचा व्होल्टेज जास्त. लाइव्ह डेटा उघडला तर पाण्याचं तापमान उणे 40 अंश. एप्रिलची दुपार, बॉनेटला हात लावता येत नाही, आणि संगणकाच्या मते पाण्याचा बर्फ झालेला आहे.

उणे 40 हा आकडा पाहिला की अर्धं निदान झालं. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स आहे; थंडीत वाढणारा, उन्हात कमी होणारा. साधारण 20 अंशाला दोन ते तीन हजार ओहम, 80 अंशाला तीनशेच्या आसपास. संगणक त्याच्या एका वायरवर 5 व्होल्ट देतो आणि किती व्होल्ट शिल्लक राहतात ते मोजतो. वायर तुटली की रेझिस्टन्स अमर्याद होतो, पाचच्या पाच व्होल्ट शिल्लक राहतात, आणि संगणक आपल्या कोष्टकातलं सगळ्यात थंड तापमान धरतो. थंड समजून तो जादा पेट्रोल सोडतो, म्हणून काजळी आणि पडलेलं ॲव्हरेज. आकड्यावर विश्वास नाही म्हणून इंजिन वाचवायला पंखाही कायम चालू ठेवतो. चारही तक्रारी एका जागेतून निघाल्या.

पण वायर तुटली की सेन्सर मेला? इथे फुकटात होणारी एक चाचणी आहे. चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरचा कपलर काढायचा आणि कपलरमधल्या दोन टोकांना बारीक वायरचा तुकडा लावून ती जोडायची. स्कॅनरवरचं तापमान उणे 40 वरून उसळून शंभराच्या पार गेलं, तर कपलरपासून संगणकापर्यंत सगळं ठीक; दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या तोंडाशी. आकडा हललाच नाही, तर सेन्सर निर्दोष, वायर शोधा. या गाडीत आकडा उसळला. सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजला तर तोही बरोबर. मग उरलं कपलरचं तोंड. आत पाहिलं तर एका पिनेवर हिरवट थर चढलेला आणि रबराची सीलरिंग गायब. पेठच्या पावसात सील नसलेल्या कपलरचं दुसरं काय होणार? कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन घासली, टोक जरा आवळलं, वर ग्रीस लावून बंद केलं. नवा सेन्सर आला असता तर चार दिवस चालला असता, कारण कपलर पुन्हा बसवताना घर्षणाने थोडा गंज निघतोच, आणि पुढच्या ओल्या आठवड्यात दिवा पुन्हा.

ही चाचणी फक्त अशा दोन वायरींच्या तापमान सेन्सरवरच करायची. तीन वायरींच्या सेन्सरवर, इंजेक्टरवर आणि पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या वायरीवर कदापि नाही.

या भागात कोडची कारणं बरीचशी हवापाण्यातून येतात. ओल, चिखल, घाटातले हादरे, आणि भात घरात आल्यावर येणारे उंदीर. उबदार इंजिनावर रात्र काढणारा उंदीर वायरचं वेष्टन कुरतडतो आणि सकाळी दोन-तीन सर्किटांचे कोड एकदम दिसतात. असे कोड एकत्र आले की आधी डोळ्यांनी वायरिंग पाहावं. टॉर्च घेऊन बॉनेटखाली बारकाईने पाहणं ही या पुस्तिकेतली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे.

मिसिंगसाठीही असाच फुकटचा उपाय आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत पी 0301 आला, तर इंजिन बंद करून पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरी पहिल्यावर लावायची. पुन्हा चालवल्यावर कोड पी 0302 झाला तर कॉइल चोर. कोड जागेवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, या क्रमाने जायचं. पी 0171, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, याला थोडा धीर लागतो. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम नावाचा आकडा असतो. संगणक आपल्या अंदाजापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते तो सांगतो. दहाच्या आत असेल तर चालायचंच. उभ्या गाडीत तो वीस-पंचवीस आणि आरपीएम अडीच हजारांवर नेल्यावर पाचवर आला, तर कुठेतरी पाइप चिरलाय, सक्शन लीक आहे. उलट चढणीला, लोडवर तो वाढत गेला तर पेट्रोल पुरत नाही, फिल्टर आणि पंपाकडे पाहा. कोटंबीची चढण यासाठी कोणत्याही वर्कशॉपपेक्षा चांगली प्रयोगशाळा आहे, फक्त मोबाइलचा पडदा शेजारी बसलेल्याने पाहावा, चालवणाऱ्याने नव्हे.

कोड पुसण्याबद्दल माझं मत कडक आहे. ॲपमधलं ते बटण हाताशी असतं आणि दिवा विझला की बरं वाटतं. पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, पाणी किती गरम, लोड किती, हे संगणकाने टिपून ठेवलेलं असतं, आणि तुरळक येणाऱ्या बिघाडात तेवढाच धागा हाती असतो. आधी कोड वहीत लिहा, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, दुरुस्ती करा, मग पुसा.

याच बटणाचा दुसरा उपयोग वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात होतो. नाशिकचं आरटीओ पेठ रोडलाच आहे. तिथे नाव बदलायला जाण्याआधी, पैसे देण्याआधी, गाडीला डोंगल लावा. कोड एकही नाही म्हणून हुरळून जाऊ नका. रेडिनेस नावाचं पान उघडा. संगणकाने आपल्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते तिथे दिसतं, आणि कोड पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली हेही दिसतं. तो आकडा 6 किंवा 10 असेल, तर दिवा सकाळीच विझवलेला आहे. विक्रेत्याशी भांडू नका. दोन दिवस गाडी वापरायला मागा, नाहीतर किंमत त्या हिशोबाने करा.

माहिती कुणाच्या हातात असावी, हा प्रश्नही इथे येतो. महिंद्राचा कारखाना नाशिकच्या सातपूरला. पूर्वी मायको म्हणायचे तो बॉशचा कारखानाही तिथलाच, डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा. या जिल्ह्यातल्या हजारो घरांची रोजीरोटी या धंद्यावर उभी राहिली. तरीही पी 1 ने सुरू होणारा कंपनीचा स्वतःचा कोड आला, की पेठच्या फिटरला त्याचा अर्थ सहज मिळत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदान करून ही माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजे असा कायदा करवून घेतला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली, डिसेंबर 2022 मध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं, आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली त्यांत वाहनं आहेत. शेतीची अवजारंही आहेत. हे काम कागदावरून गावच्या गॅरेजपर्यंत यायला हवं आणि मराठीत यायला हवं.

गावच्या फिटरला बाजूला सारायचा विचार यात कुठेही नाही. त्याच्या हाताला जे कळतं ते पडद्यावर येत नाही. मालकाने कोड आणून दिला तर फिटरचा शोधण्याचा वेळ वाचतो, आणि मालकालाही आपण कशाचे पैसे देतोय ते समजतं.

डिझेलसाठी शेवटचं प्रकरण वेगळं ठेवलं आहे, आणि ते मुद्दाम भीती घालणारं आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेल 1600 बारपर्यंत, काहींत त्याहूनही जास्त दाबाने असतं. चालू इंजिनाच्या रेलचा पाइप सैल केला तर निघणारी धार कातडीतून आत शिरते. जखम सुईएवढी दिसते आणि बोट, कधी हात, गमवावा लागतो. पी 0087, म्हणजे रेलमध्ये दाब कमी, हा कोड आला तर घरी करण्यासारखं एवढंच: डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवणं, टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या कमी दाबाच्या पाइपाला कुठे ओल आहे का ते पाहणं. त्यापुढे पाना खाली ठेवावा आणि फिटरला फोन करावा. त्याला कोड, फ्रीझ फ्रेममधले आकडे, चढणीला बंद पडली की सपाटीवर, आणि शेवटचं डिझेल कुठे भरलं होतं ते सांगावं, म्हणजे लागेल ते सामान बरोबर घेऊनच तो निघेल.